गुलछडीला सुट्टी नाही

रेश्माला माहेरी जायचं होतं. बस्स, एवढंच. सोनं नको, पैठणी नको. कोपरगावला आईपाशी दोन-तीन दिवस पडून राहायचं आणि येईल तेवढी झोप घ्यायची. पण गुलछडीनं सोडायला तर हवं ना!

या गुलछडीचं, म्हणजे निशिगंधाचं, मेलीचं एक विचित्र असतं. उमललेलं फूल बाजारात कुणी विचारत नाही. दांड्यावरची कळी टपोरी झाली की त्याच पहाटे खुडायची, उद्यावर टाकली की गेली. आणि उद्या त्याच दांड्यावर नव्या कळ्या तयार! म्हणजे रोज अंधारात उठा, दवानं भिजलेल्या सरीत वाका, खुडा, क्रेट भरा. तिचा नवरा रविराज ते मोटरसायकलवर बांधून हायवेला पुण्याच्या टेम्पोत द्यायचा आणि तसाच सुप्याला कंपनीत शिफ्टला जायचा. मागे रेश्माला निंदणी, पाणी, वाळकी पात काढणं होतंच. रविवार नाही, सण नाही. सणाला तर उलट जास्तच. पाठ अशी झाली होती, जशी कुणी उसनी नेऊन मोडून परत आणून दिली.

आणि यात गंमत अशी, की हे कंद तिच्याच माहेरचे. लग्न झाल्यावर आईनं, बनुबाईनं, आपल्या वावरातले कंद काढून, मुळ्या छाटून, सावलीत सुकवून टेम्पोभर गोण्या लेकीकडं धाडल्या होत्या. “एकदा लावले की तीन वर्सं बघायला नको,” म्हणाली होती. बघायला नको म्हणे! पोरगी रोज पहाटे दुसरं काय बघत होती?

श्रावणात बनुबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रेश्मानं विचारलं, जाऊन येऊ का? रविराज म्हणाला, गणपती होऊ दे. मग म्हणाला नवरात्र होऊ दे, मग दिवाळी, मग लग्नसराई. माणूस वाईट नव्हता हो, पण स्वतः शिफ्टनं पिचलेला. सासू मुक्ताबाईचे गुडघे गेलेले, तिला वाकता येत नव्हतं. पहाटेच्या तोडणीला मजूर मिळत नाहीत. राहिली कोण? रेश्मा.

फाल्गुनात शेजारच्या छगनचा म्हातारा वारला. छगनचीही गुलछडीच. पण सुतकातल्या हातानं खुडलेलं फूल देवाच्या गळ्यात जाता कामा नये, म्हणून त्या वस्तीवर रीत अशी, की सुतक फिटेपर्यंत शेजाऱ्यांनी तोडून द्यायचं. मुक्ताबाई या बाबतीत भलतीच कडक. “आपल्यावर बी येळ येनारच हाय,” म्हणाली. झालं! रेश्माच्या गळ्यात आता दोन वावरं.

एका सकाळी रिकामे क्रेट परत द्यायला गेली तर छगनची बायको गोजरबाई उन्हात भिंतीला टेकून बसलेली. तोंड कसं धुतल्यासारखं ताजं.

“सासरा गेला, वाईट झालं गं,” गोजरबाई हळूच म्हणाली. “पन तुला म्हनून सांगते, लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच उजाडंपातुर झोपले.”

रेश्माला तिचा हेवा वाटला. मेल्या घरचा हेवा! मग स्वतःचीच अशी लाज वाटली की ती पाणीही न पिता परत फिरली.

त्या दुपारी तिनं आईला फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. बनुबाई खो खो हसली. “अगं, मग सांग की आई मेली म्हनून! लेकीला तीन दिवसाचं सुतक असतंय. फुलाला हातच लावता येनार न्हाई. ये इकडं, झोप खुशाल.”

“काय अभद्र बोलतीस गं, आई!”

“अभद्र काय त्यात? खरी मेल्यावर तर सोडतीलच की तुला. पन तवा मला दिसशील व्हय? डोळा नीट करून घेतला, अन् बघू कुनाला?”

रेश्माही हसली. फोन ठेवला आणि मग मात्र सरीतच बसून पोटभर रडली.

दुसऱ्या पहाटे छगनचं वावर उरकून ती आपल्या तुकड्यात आली. मुक्ताबाई बांधावर बसून फुलं निवडत होती. निम्म्या सरीत रेश्मा मटकन खाली बसली.

“काय झालं गं?”

“आत्या, आई म्हनती, मी मेले म्हनून सांग. त्याबिगर तुला सोडायची न्हाईत.”

वाटलं होतं, म्हातारी आता आकाशपाताळ एक करेल. पण तिचे हात फुलांवरच थांबले.

“माझी आई गेली तवा कांद्याची लागन चालू हुती,” ती म्हणाली. “उद्या जा, उद्या जा म्हनता म्हनता सांगावाच आला. मग सोडलं. तीन दिवस. मी रडले न्हाई रेश्मे, झोपले. लोकं म्हनली, काय दगडाच्या काळजाची लेक हाय.”

तिनं मांडीवरची फुलं क्रेटमध्ये सारली.

“ऊठ. हात धू. नगरची एसटी गाठ.”

“अन् कळ्या, आत्या?”

“उमलू दे मेल्यांना.”

नगरला गाडी बदलली तेवढीच काय ती जागी. राहुरी कधी मागं पडली, तिला कळलंही नाही. दारात लेकीला बघून बनुबाई हातातलं टाकून उठली. “कोन मेलं गं?”

“कुनी न्हाई. आले अशीच.”

बनुबाईनं गरम पिठलं वाढलं. कित्येक महिन्यांचं बोलणं साठलं होतं, ती सांगतच सुटली. रेश्मानं भाकरीचे चार घास खाल्ले, आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि आई बोलतच असताना झोपून गेली.

दिवेलागणीला फोन वाजला, बनुबाईनं उचलला. झोपेतच रेश्माला रविराजचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. “मामी, रेश्मा उद्या निघंल ना? इकडं तोडनीचं लई अवघड झालंय.”

“न्हाई जमायचं, जावईबापू. तीन दिवस तिला फुलाला हात लावता येनार न्हाई. सुतक हाय.”

“सुतक?” रविराज गडबडला. “कुनाचं?”

“माझं,” बनुबाई म्हणाली. फोन बंद करून तिनं वाकळ लेकीच्या खांद्यावर ओढली.