वेखंड आणि लोकर

मार्गशीर्षातली सकाळ होती. सह्याद्रीच्या निळ्या खांद्यावरून ऊन उतरत होते, हलके हलके, दबकत दबकत, झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावे तसे. कापणी सरलेली भातखाचरे पिवळ्याधमक खुंटांनी अंगभर शहारली होती. खुंटाखुंटावर दव होते. दवादवात सूर्य होता.

त्या उन्हातून, घाटवाटेच्या शेवटच्या वळणावरून, एक धूसर प्रवाह खाली आला. आधी धूळ. मग धुळीतली किणकिण. मग किणकिणीतून उमटणारी मेंढरे, धूम्रवर्ण, कृष्णमुख, अधोवदन. आणि त्या लोकरमय प्रवाहाच्या अगदी मागे, त्याच्या काठासारखी, ती.

भुरी.

रंग भाजक्या मातीचा. शेपूट उपजतच आखूड, जणू घडवणाऱ्याच्या हातची माती शेवटी कमी पडली. एक कान उभा, एक कलता. ती भुंकत नव्हती, चावत नव्हती, धावतसुद्धा नव्हती. नुसती डावीकडे झुकली की कळप उजवीकडे वळे, उजवीकडे झुकली की डावीकडे. वाऱ्यापुढे गवत वळते तसा.

खाचराच्या कडेला नव्या विटांचे घर होते आणि घराच्या ओट्यावर शाल्मली उभी होती. तिच्या नवऱ्यानेच, हृषीकेशने, ही मेंढरे शेतात बसायला बोलावली होती. त्यांच्या लेंड्यांचे खत म्हणजे जमिनीला दिवाळी, असे तो म्हणे.

शाल्मलीच्या कडेवर ओजस होता. वर्ष उलटले तरी पाऊल न टाकलेला, भिंत धरून उभा राहणारा, हात सोडला की मटकन बसणारा ओजस. "टाकेल हो, घाई काय आहे?" डॉक्टर म्हणाले होते. "आमचा तर दहाव्या महिन्यात पळायला लागला," फोनवर नणंद म्हणाली होती. शाल्मलीच्या मनात घर केले ते नणंदेच्या वाक्याने.

रोज संध्याकाळी ती जमिनीवर बसे, हात पसरी, गळ्यात मध आणी. "ये ना रे राजा. आईकडे ये." त्याचे पहिले पाऊल आपल्या दिशेने पडावे, एवढेच तिचे मागणे होते. एवढेच, पण तेच सगळे. त्या एका पावलासाठी तिने कॉलेजातली नोकरी सोडली होती, झोप सोडली होती, आरशात बघणे सोडले होते.

आणि आज, खाली, धुळीत, ती कुत्री थांबली. तिने मान वर केली. ओजसने दोन्ही हात पसरले. आईच्या कडेवरून, आईपासून दूर, कुत्रीकडे.

शाल्मलीच्या काळजात काहीतरी टोचले. बारीक, भाताच्या कुसासारखे.

*

बिऱ्हाडाची मालकीण धुळाबाई. कपाळभर कुंकू, दंडात चांदीच्या वाक्या, आवाज खडीवरून गाडी गेल्यासारखा. दिवसा तिचा लेक मेंढरे चारायला नेई. कोकरे मागे राहत, वाघरीच्या आत, म्हणजे मेंढपाळांच्या त्या दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात.

सांजवेळी मेंढरे परत येत आणि धुळाबाई वाघर उचली. मग काय तो कल्लोळ! काय ते ओरडणे, बेंबाटणे, धडपडणे! शेकडो आया, शेकडो लेकरे, एकच तांबूस अंधुक धूळ. ज्याला त्याला आपली आई हवी. एखादे वेंधळे कोकरू भलत्याच आईला लुचायला जाई आणि लाथ खाऊन कोलमडे.

तेव्हा भुरी उठे. कोकराला हुंगे. कळपात शिरे, हुंगत हुंगत, एक एक मेंढी मागे टाकत. मग परत येऊन त्या कोकराला खांद्याने ढकली, हळू, हळू, हळू, त्याच्या स्वतःच्या आईच्या आचळापर्यंत. काम झाले की बाजूला जाऊन बसे. आपण काही केले आहे असे तिच्या चेहऱ्यावर कधी नसे.

शाल्मलीने मोबाइलवर शोधले होते. कुत्र्यांच्या जातींची चित्रेच चित्रे: लांब नाकाची, झुपकेदार शेपटीची, राजेशाही नावांची. नावांच्या त्या गर्दीत भुरीला नाव नव्हते.

"मावशी, कुठली जात ही?"

"जात कसली, ताई? वळणारी कुत्री," धुळाबाई म्हणाली. "आमच्या आज्याच्या वक्ताला दर बिऱ्हाडामागं असली दोन दोन हुती. आता मेंढरं टेंपोत बसून घाट उतरत्यात. मग वळायचं काय, टेंपोचं चाक? भुंकणारी हायती मोप. वळणारी ऱ्हायली न्हाईत. हिच्या पिलांतली एक पाट धाकट्या दिराकडं दिलीया. ती वळती का नुसतीच खाती, देव जाणं."

ओजस तेवढ्यात रांगत भुरीपाशी पोहोचला होता. त्याने तिच्या मानेची लोकरट कातडी मुठीत धरली. धरून उठला. उभा राहिला. भुरी एक पाऊल सरकली, थांबली. तो एक पाऊल सरकला, थांबला. ती सरकली. तो सरकला.

"बगा बगा, चालाय लागलं की तुमचं कोकरू!" धुळाबाई खदाखदा हसली.

शाल्मलीही हसली. ओठांनी. मग झडप घालून तिने त्याला उचलले, आणि त्याने जो टाहो फोडला तो तिच्या कानात नव्हे, थेट छातीत शिरला. कारण त्या टाहोत तिचे नाव नव्हते.

*

मत्सर हा हिरवा म्हणतात. शाल्मलीचा मत्सर मातकट होता. तो सकाळच्या चहात उतरे, दुपारच्या धुण्यात उतरे, खिडकीच्या गजांतून खाचराकडे बघे. ती एक पदवीधर बाई, आणि हेवा कुणाचा करते, तर कुत्रीचा! स्वतःचेच तिला हसू येई, आणि हसता हसता डोळे भरून येत.

ओजस दिवसभर दाराशी. ओजसची बोटे दिवसभर खाचराकडे. ती घास भरवी, तो मान वळवी. ती हात पसरी, तो त्या हातांच्या पलीकडे बघे. आणि त्याच्या अंगाला, जावळाला, मानेच्या वळीला तो वास: लोकरीचा, लेंड्यांचा, उन्हाने तापलेल्या केसाळ पाठीचा. तिच्या लेकराला दुसऱ्याच कुणाचा वास येत होता.

मग ती त्याला न्हाऊ घाली. सकाळी एकदा, दुपारी पुन्हा. डाळीचे पीठ, मग साबण, मग ऊन ऊन पाणी. पुसून झाले की वेखंडाची पूड. तळहातांवर घेऊन ती ती पूड चोळी, छातीवर, पाठीवर, तळपायांवर, पुन्हा पुन्हा, घासून घासून, जणू कुणाची सही खोडते आहे.

धुळाबाई पाणी मागायला आली तेव्हा दारातच थबकली. "काय करता ह्ये, ताई? आमी कोकरू कदी धुवत न्हाई. वास गेला की आई वळकत न्हाई त्याला."

"मेंढी नाही ओळखत. मी ओळखते," शाल्मली म्हणाली. वाजवीपेक्षा जरा मोठ्याने.

"तुमी वळकाल हो," धुळाबाई हंडा डोक्यावर घेत म्हणाली. "त्यानं वळकाय नगं का?"

त्या रात्री जेवताना शाल्मलीने हृषीकेशला सांगितले की बाळाच्या अंगावर पुरळ उठले आहे, लोकरीने. त्यांना पुढच्या गावाला जायला सांग. पुरळ नव्हते. हृषीकेशने ओजसच्या गुळगुळीत पाठीकडे पाहिले, मग तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या अर्धचंद्रांकडे पाहिले, आणि "सांगतो" म्हणाला.

धुळाबाईने विचारलेसुद्धा नाही. "उद्या उठतो," म्हणाली. उठणे आणि बसणे, एवढेच तर तिचे आयुष्य.

*

दुसऱ्या दिवशी धुके होते. वाघर गुंडाळली गेली, चूल मोडली गेली, घोड्यावर हंडे-पातेली चढली. खाचरात कळपाच्या बसण्याचा काळसर ओला आकार उरला. किणकिण सुरू झाली आणि घराच्या पुढून, चिंचोळ्या पाणंदीतून, तो लोकरमय प्रवाह वाहू लागला.

शाल्मलीने आज फार प्रेमाने ओजसला न्हाऊ घातले होते. वेखंड तर मूठभर लावले होते. 'आता कोण आहे तुला? मीच ना?' मनातल्या मनात ती म्हणत होती. गॅसवर दूध वर आले, ती वळली, पातेले उतरवले.

दार उघडे होते.

ती फिरली तेव्हा ओजस ओट्याच्या पायरीखाली होता. उभा. कुणालाही न धरता, कशालाही न धरता. डगमगत, डोलत, दोन्ही हात पुढे, तो चालत होता. पहिले पाऊल. दुसरे. तिसरे. तिच्याकडे पाठ करून.

ते पाऊल, ज्याची तिने ऋतूमागून ऋतू वाट पाहिली, ते पडले होते, आणि ते तिच्यापासून दूर पडले होते.

आणि पुढच्या पावलाला तो कळपात बुडाला. पाठींच्या लाटा, शिंगांची वळणे, खुरांचा पाऊस, आणि मध्ये कुठेतरी एक इवलेसे वेखंडाने पांढुरके डोके.

"ओजू!" ती ओरडली, धावली. मेंढरे बुजली. प्रवाह दुभंगला, उसळला, पाणंदीच्या बांधावर आदळून मागे फिरला.

"पळू नगा!" धुळाबाईचा आवाज धुके फाडत आला. "ताई, पळू नगा, तुडवत्याल त्याला! खाली बसा! हाय तिथं बसा!"

बसा! जिचे लेकरू बुडते आहे तिला सांगतात, बसा! शाल्मलीचा एकेक स्नायू धावत होता. आणि ती बसली. चिखलात, शेणात, खुरांच्या ठशांत, गुडघे टेकून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीही केले नाही. केवढे कठीण होते ते!

मग भुरी आली. पाण्यात सुरी शिरावी तशी कळपात शिरली, न भुंकता, न घाई करता. ती झुकली, मेंढरे सरली. पुन्हा झुकली, पुन्हा सरली. आणि मधोमध एक गोल मोकळा झाला. त्या गोलात ओजस उभा होता, शाबूत, हसतमुख, हात पसरून.

भुरीने त्याला हुंगले. आणि थांबली.

हा तो वास नव्हता. लोकर नव्हती, लेंड्या नव्हत्या, कालपर्यंत तिने ओळखलेले काहीच नव्हते. एक उभा कान, एक कलता कान, दोन्ही गोंधळले. हे कोकरू कुणाचे? तिने डोके फिरवले. जवळच्या मेंढीला हुंगले, सोडले. धुळाबाईच्या लुगड्याचा घोळ हुंगला, सोडला.

मग ती शाल्मलीकडे आली.

चिखलात टेकलेला शाल्मलीचा हात आपोआप उलटला, तळवा वर झाला. भुरीचे थंड, ओले नाक त्या तळव्यावर टेकले. तळहाताच्या रेषारेषांत, नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांत वेखंड भरले होते. दोन वेळच्या न्हाणांचे, साऱ्या चोळण्याचे, साऱ्या हेव्याचे वेखंड.

भुरीने एकदाच हुंगले. ती वळली. गोलात परत गेली. आणि ओजसच्या पाठीमागे आपला भाजक्या मातीचा खांदा लावून तिने ढकलले. हळू. हळू. हळू.

तो आला. अडखळत, हसत, मेंढरांच्या दोन भिंतींमधून, स्वतःच्या दोन पायांवर तो आला, आणि आईच्या मांडीत कोसळला.

"झालं," धुळाबाई म्हणाली. "लावलं आईला."

भुरी मात्र थांबली नाही. शाल्मलीने तिच्या पाठीकडे हात केला तोवर ती कळपामागे पोहोचलीसुद्धा. तिने वळून पाहिले नाही. आणि काय सांगावे, त्याही क्षणी शाल्मलीला तिचा हेवा वाटला. हे लेकरू कुणाचे, हे तिने एका श्वासात ओळखले होते, आणि पुन्हा विचारले नव्हते.

"मावशी!" शाल्मलीने हाक मारली. "पुढच्या साली याल ना? पुरळ... पुरळ नव्हतं हो."

"ठाव हाय," धुके म्हणाले, कारण धुळाबाई आता दिसत नव्हती.

संध्याकाळी हृषीकेशने सगळे ऐकले आणि विचारले, "अशी कुत्री अजून आहेत म्हणजे?"

शाल्मलीने ओजसच्या जावळात नाक खुपसले. वर वेखंड होते. वेखंडाखाली लोकर. आज तिने त्याला दुसऱ्यांदा न्हाऊ घातले नव्हते.

खाचरात कळपाचा काळसर ओला आकार हळूहळू सुकत होता. घाटाच्या पायथ्याशी, पुढच्या गावाच्या दिशेने, सकाळीच आधी किणकिण विरली होती. मग धूळ विरली होती. आता नुसते ऊन उरले होते, हलके हलके उतरणारे, कुणाला तरी घराकडे वळवणारे.