घड्याळातला श्वास

चिकपेटेत साड्यांच्या एका घाऊक दुकानामागे लांबट हॉल आहे. दर रविवारी भर दुपारी तिथले पडदे ओढून काळोख करत, आणि शंभर-दीडशे माणसं मांडीला मांडी लावून एका मेलेल्या मुलाचा श्वास ऐकायला बसत. ऐकायला म्हणजे खरोखर कानांनी! गुंडोस्वामी मंचकावर बसून डोळे मिटत, टाळ थांबत, आणि त्यांच्या बाजूने आवाज येई, "स्स्स..." मग शांतता. मग पुन्हा, "स्स्स..." पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावत. दाराशी उभ्या असलेल्या कावेरीच्या अंगावर काटा येई. ती शाळेत विज्ञान शिकवते. पण स्वामींच्या म्हणण्याप्रमाणे तो श्वास तिच्या धाकट्या भावाचा होता, मल्हारचा. मग काटा कसा येणार नाही?

मल्हार इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता. सुट्टी मिळाली की पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला जायचा. जानेवारीत मुरडेश्वरजवळ तो असाच बुडी मारून वर आला, होडीत बसला आणि छातीवर हात ठेवून आडवा झाला. हृदय बंद पडलं होतं. वय एकतीस. डॉक्टरांनी कारण कागदावर लिहून दिलं, पण आईच्या, म्हणजे विमलाबाईंच्या मनात एकच घोकणी, "माझ्या लेकराला पाण्यात श्वास पुरला नसेल गं."

तेराव्याला घरच्या रीतीप्रमाणे मल्हारच्या वस्तू दान दिल्या. अंथरूण, छत्री, चपला, आणि बुडीच्या सामानाची अख्खी पिशवीसुद्धा. ती पिशवी कावेरीनेच भरली होती. दान घ्यायला आला होता गुंडोभट; तो तेव्हा अजून स्वामी झाला नव्हता. मल्हारचं बुडीचं घड्याळ तेवढं विमलाबाईंनी हातातून सोडलं नाही. पाण्यात असताना टाकीत किती हवा उरली, ते त्या घड्याळावर आकड्यात दिसायचं. आता देवघरात त्या आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा होत्या.

दोन महिन्यांनी गुंडोभट दाढी वाढवून परत आला.

"विमलाक्का, देह जळाला, पण श्वास पाण्यातच राहिला. ते घड्याळ घेऊन माझ्यासमोर या."

त्या गेल्या. मंचकासमोर बसताच रेघा पुसल्या गेल्या आणि आकडा उमटला, एकशे बारा. "स्स्स..." आवाज आला आणि एकशे नऊ झाले. हे कावेरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"हे ब्रह्मांडाचं वायफाय आहे, अक्का," स्वामी गंभीरपणे म्हणाले. "पासवर्ड फक्त गुरूपाशी. घड्याळाच्या बटणांना मात्र हात लावायचा नाही, श्वास तुटेल."

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण आकडा दर रविवारी उतरू लागला. नव्वदवर आला तेव्हा स्वामींनी उपाय सांगितला. "तुम्ही दम्याचा पंप ओढता, तो श्वास त्याच्या वाट्याचा. पंप सोडा." विमलाबाईंनी पंप त्यांच्या पायाशी ठेवला. स्वामींचा हात शालीखाली गेला, आणि आकडा चढला! सगळा हॉल टाळ्या वाजवत उठला.

त्या दिवसापासून पंप बंद. आठवड्याभरात विमलाबाईंना जिना चढवेना, ओठ निळसर दिसू लागले.

"आई, एकदाच ओढ. माझ्यासाठी."

"मी ओढला तर त्याचा कमी होईल," विमलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस, सरी, मान्य. पण आकडा तू पण पाहिलास की नाही?"

वर्गात दाबाचा धडा शिकवताना कावेरीला फळ्यावर एकशे नऊ दिसे. घरात कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटली, तरी ती दचकून मागे पाही. आई गुदमरतेय हे तिला कळत होतं, आणि भाऊ श्वास घेतोय असं वाटतही होतं. या दोन्हींत ती पिळवटून निघाली.

शेवटी तिने के. आर. पुरमला राहणाऱ्या प्रणीतला फोन केला. प्रणीत पुण्याचा, मल्हारचा बुडीतला जोडीदार. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, टाकीच्या नळीला अंगठ्याएवढा ट्रान्समीटर लावतात. तो हवेचा दाब मोजून घड्याळाला सिग्नल पाठवतो. वायरलेस, पण उघड्यावर जेमतेम दीड-दोन मीटर पोचतो. मल्हारचा ट्रान्समीटर कुठंय?"

"पिशवीत होता. मीच भरली, मीच दान दिली."

"त्याचा नंबर?"

"मल्हारच्या वहीत असेल. का?"

"तो नंबर माझ्या घड्याळात घातला, तर मल्हार माझ्याही मनगटावर श्वास घेईल."

पुढच्या रविवारी आकडा अठ्ठ्याऐंशीवर होता. विमलाबाईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि स्वामी म्हणत होते, "आणखी स्वल्प धीर, अक्का, आणखी स्वल्प." तो नंबर आपल्या घड्याळात घालून आलेला प्रणीत गर्दीतून उठून मंचकाजवळ गेला आणि त्याने हात वर केला.

"माझ्या घड्याळातही अठ्ठ्याऐंशीच आहेत. हा बघा, तीन पावलं मागे गेलो. रेघा! पुढे आलो. अठ्ठ्याऐंशी! स्वामी, तुमचं ब्रह्मांड दोन मीटरचंच आहे का हो?"

"नास्तिका! श्वास तुटेल!" स्वामी ओरडले.

कावेरीने पडदा बाजूला सारला. ऊन आत आलं. मग तिने मंचकाचं भगवं कापड उचललं. खाली एक बुटकी पिवळी टाकी आडवी होती, तिला नळी, आणि नळीवर अंगठ्याएवढा काळा ट्रान्समीटर, टोकाला हवा सोडायचं बटण. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतली हवा सोडली की आकडा उतरायचा, शालीखालून व्हॉल्व्ह उघडला की चढायचा. ब्रह्मांडाचं वायफाय ते एवढंच.

"हे बटण दाबून बघा," ती पुढच्या रांगेतल्या बाईला म्हणाली. बाईने भीत भीत दाबलं. "स्स्स..." मेलेला मुलगा तिच्या बोटाखाली श्वास घेत होता. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

प्रणीत गुंडोकडे निरखून पाहत म्हणाला, "तरीच! मॉलमधल्या माशांच्या टाकीत बुडी मारून काचा पुसायचात ना तुम्ही?" पण तोवर स्वामी मागच्या दाराकडे धावले होते. बायकांनीच त्यांना अडवलं, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

सगळे बोलत होते. विमलाबाईंनी घड्याळ छातीशी धरलं.

"म्हणजे आज तो दुसऱ्यांदा गेला गं," त्या म्हणाल्या.

कावेरीला रडू फुटलं. भोंदूचा चमत्कार मोडताना कुणाचा तरी आधारही मोडतो, हे तिला तेव्हा कळलं. प्रणीत विमलाबाईंसमोर खाली बसला. त्याने मल्हारच्या घड्याळाचं बटण दाबलं, तेच, ज्याला हात लावायची बंदी होती.

"काकू, घड्याळ खोटं बोलत नाही, त्याच्या तोंडी खोटं घातलं होतं. ही त्या दिवशीची नोंद बघा. टाकी भरलेली असते तेव्हा आकडा दोनशे असतो. मल्हार पाण्याबाहेर आला तेव्हा एकशे चार होता. निम्म्याहून जास्त हवा उरली होती."

विमलाबाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे श्वास कमी पडला नाही त्याला?"

"नाही, काकू. त्याच्यापाशी श्वास भरपूर होता. हृदय थांबलं."

"हे मला आधी कुणी का दाखवलं नाही रे?" त्या म्हणाल्या. मग कावेरीपुढे हात केला. "पंप दे."

कावेरीने पर्समधून नवा पंप काढला. विमलाबाईंनी दोनदा ओढला, डोळे मिटले आणि हळूहळू छातीतली शिट्टी थांबली.

वाचकहो, दुःख प्रत्येकाच्या घरी येतं, आणि त्याच्या वासावर गुंडोही येतात. ज्याला हात लावू नका असं ते सांगतात, तिथेच आधी हात लावा. कापड उचला, बटण दाबा, जाणत्याला विचारा. आणि गेलेल्या माणसासाठी हवं तितकं रडा, पण कुणाच्याही सांगण्यावरून आपलं औषध टाकू नका. विमलाबाईंचं घड्याळ आजही देवघरात आहे. त्यावर दोन रेघाच आहेत, आणि शेजारी त्यांचा पंप.