कुकडेश्वरहून येताना

लग्न होऊन डिंगोऱ्यात आल्यावर हर्षालीने एकदा सासूला सहज विचारलं, "आई, कुकडेश्वरचं देऊळ तुम्ही पाहिलंच असेल ना?"

"न्हाई गं," प्रयागबाई म्हणाल्या. "घाटघरला एका लग्नाला चाललो व्हतो, तवा जीपमधून पाटी तेवढी बघितली. वऱ्हाडाला उशीर झालेला, कोण थांबतंय."

कार्तिकातल्या एका मंगळवारी दोघी हर्षालीच्या स्कूटीवरून निघाल्या. सासरे, सावळाराम, गोठ्यातून म्हणाले, "पडक्या दगडांत काय बघायचंय? आन काय झालं तर मी येणार न्हाई न्यायला." प्रयागबाई मागे बसल्या आणि त्यांनी भाकरी-पिठल्याची पिशवी मांडीवर घेतली.

गणेश खिंड उतरून जुन्नर मागे टाकलं, तशी भाताची पिवळी खाचरं लागली. पूर गावाशी नदीकाठी देऊळ दिसलं. वर शिखर नव्हतं, पण भिंतींवर बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरीवकाम. पिंडीवर पाणी घालून दोघी बाहेर आल्या. हर्षालीला वाटलं होतं, आईंचं दर्शन झालं की लगेच निघावं लागेल. पण प्रयागबाई एकेका मूर्तीपाशी थांबत होत्या.

"ह्या बाईचा अंबाडा बघ," त्या म्हणाल्या. "पिन न्हाई, जाळी न्हाई, आन इतकी वर्सं सुटला न्हाई."

हर्षाली हसली. "तिथंच उभ्या राहा. तिच्यासोबत तुमचा फोटो काढते."

मूर्ती आणि सासू दोघी नीट याव्यात म्हणून ती मागे मागे सरकत गेली. मागचा दगड तिला दिसला नाही. पाय मुरगळला आणि ती खालीच बसली.

शेजारच्या वाडीतल्या चिमाबाई गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. त्यांनी भारा टाकला, घरी जाऊन हळद-चुना गरम करून आणला आणि सुजलेल्या घोट्यावर लेप दिला. "हाड शाबूत हाय. पण आज गाडी चालवायची न्हाई. यष्टी आता संध्याकाळलाच."

"बाबांना फोन करते," हर्षाली म्हणाली.

"नको. त्यांना बोलावलं तर वरीसभर ऐकावं लागंल." प्रयागबाई जरा वेळ स्कूटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

"तुम्हाला येते गाडी?"

"ओतूरला माझ्या बापाची लुना व्हती. रोज डेअरीला दूध मीच घालायचे. लग्नाआधीची गोष्ट."

इतक्या दिवसांत हे हर्षालीला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित कोणी विचारलंही नव्हतं.

"पण लायसन?"

"मंग हळू चालवीन."

प्रयागबाईंनी पदर खोचला. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पहिल्यांदा रेस दिली तशी गाडीने उडी घेतली आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा ती थेट चिमाबाईंच्या गवतात घुसली. "बाई, माझ्या म्हशीला ठेव की थोडं," चिमाबाई म्हणाल्या, आणि तिघींना हसू आवरेना. चार-पाच फेऱ्यांनंतर मात्र प्रयागबाईंची पाठ ताठ झाली, खांदे सैल पडले. सासूचं असं खुललेलं तोंड हर्षालीने घरात कधी पाहिलं नव्हतं.

चिमाबाईंच्या अंगणात भाकरी खाऊन त्या निघाल्या. हर्षाली मागे बसून सांगत होती, "ब्रेक... आता इंडिकेटर बंद करा." जुन्नरला चहा घेतला. खिंडीच्या चढाला मागून एक टेम्पो हॉर्न वाजवू लागला.

"बाजूला घेऊ या का, आई?"

"त्याला घाई हाय. आपल्याला न्हाई." तरी वळण संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, आणि टेम्पोवाल्याने जाता जाता हात हलवला.

डिंगोऱ्यात शिरताना पारावरची माणसं बोलायची थांबली. सावळाराम दारातच होते. गाडी बरोबर त्यांच्यासमोर थांबली. त्यांनी आधी सुनेचा पाय पाहिला, मग बायकोच्या हातातलं हँडल.

"लुना व्हती ना तुमच्याकडं," ते म्हणाले. "बघायला आलो व्हतो तवा दारात उभी व्हती. मला वाटलं, तुझ्या भावाची."

"कुणी विचारलं न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या आणि हर्षालीला हात देऊन आत घेऊन गेल्या.

पाय बरा झाल्यावर हर्षालीने सासूकडून लायसनच्या परीक्षेची तयारी करून घेतली. लायसन पक्कं झालं तेव्हा उन्हाळा लागला होता. मग एका सकाळी प्रयागबाईंनी सावळारामांना मागे बसवलं आणि पूरला नेलं. ते देवळाभोवती हळूहळू हिंडले, हात मागे बांधून. नंतर चिमाबाईंच्या ओसरीवर त्यांच्या यजमानांशी भाताच्या वाणांवर जे बोलत बसले, ते ऊन उतरलं तरी उठेनात. प्रयागबाईंना गाडीचा हॉर्न वाजवून त्यांना बोलवावं लागलं.