पुस्तकावर खुणा करू नयेत

चांगदेवांनी पान डाव्या तळव्याखाली ताणून धरलं आणि खोडरबर शिवणीकडून कडेकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं फिरवला. उलटसुलट घासलं की कागद चुरगळतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. कुणा बहाद्दरानं कादंबरीतल्या नायिकेच्या मरणाशेजारी पेन्सिलीनं ‘बरं झालं’ असं लिहून ठेवलं होतं. चांगदेवांनी तो शेरा पुसला, दाढीच्या जुन्या ब्रशनं रबराचा चुरा झटकला आणि पुढचं पान उलटलं.

शिरूरच्या या वाचनालयात आत पाऊल टाकलं की आधी पुस्तकं दिसत नसत, नियमांचा फलक दिसे. तो चांगदेवांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता. चपला बाहेर काढाव्यात. मोठ्याने वाचू नये. वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊ नयेत. पुस्तकावर खुणा करू नयेत. हा शेवटचा नियम तांबड्या रंगात होता, कारण लोक तोच जास्त मोडत. शेरे लिहीत, फोन नंबर लिहीत, कुणी ‘देवा, बारावी सुटू दे’ असं साकडंही घाली. परत आलेलं प्रत्येक पुस्तक चांगदेव पानन् पान चाळत, स्वच्छ करत आणि मगच कपाटात ठेवत. कार्यकारिणीची माणसं बदलली, सरकारं बदलली, पण चांगदेवांचा खोडरबर थांबला नाही. आपल्याइतकी कोरी पुस्तकं तालुक्यात कुठं मिळणार नाहीत, हे ते येईल त्याला ऐकवत; खोडरबराचं मात्र कुणाजवळ बोलत नसत.

“मामा, आत येऊ का?”

दारात अनिता उभी होती. तिच्या मागे पाच वर्षांची तेजश्री चपला काढायच्या की नाही या विचारात एका पायावर तोल सांभाळत होती.

“ये ये. विचारायचं काय त्यात?” चांगदेव उठून उभे राहिले. “हौसराव असं अचानक जातील असं वाटलं न्हाई, ताई. तेराव्याला आलो व्हतो मी. गर्दीत बोलणं झालं न्हाई.”

अनितानं मान हलवली. हौसराव तिचे वडील. मूळचे केंदूरचे, घरची जमीन भावाच्या हवाली करून शिरूरच्या मार्केट यार्डात कारकुनी करत आयुष्य काढलेले. अनितानं दौंडच्या रेल्वेतल्या सुमितशी लग्न केलं. जात दुसरी, विचारलं नाही, सांगून केलं. त्या दिवसापासून हौसराव मुलीशी बोलले नाहीत. दिवाळीला ती आईसाठी चार दिवस माहेरी येई, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत ताट मागवून घेत. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसता अबोला. दोघांचाही स्वभाव एकाच मातीचा होता, त्यामुळे तो आठ-नऊ वर्षं टिकला.

“आप्पांनी नेलेली पुस्तकं बघायला मिळतील का?” अनिता म्हणाली. “सगळी नको. अलीकडची.”

“का गं?”

“आई काल म्हणाली, ते खिशात पेन्सिल ठेवायचे. वाचताना माझ्यासाठी खुणा करायचे म्हणे. मी दिवाळीला आले की इथूनच पुस्तकं नेते, हे त्यांना माहीत होतं. तोंडानं बोलायचं नव्हतं, म्हणून असं. आईला वाटत होतं मी वाचतेय सगळं.” ती कसनुसं हसली. “मला कधी काही दिसलंच नाही, मामा.”

चांगदेवांच्या हातातला ब्रश टेबलावर पडला. तो उचलायला ते जरा जास्तच वेळ वाकले.

त्यांनी कपाटातून पुस्तकं काढून दिली. अनिता ती घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. हौसराव रोज तिथंच बसत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती एकेक पान उलटू लागली. तेजश्री फलकापुढं उभी राहून तांबड्या ओळीपासून अक्षर लावत होती. “पु-स्त-का-वर,” ती म्हणाली, आणि मोठ्यानं वाचू नये हा नियम तिच्या वाचण्यात अजून यायचा असल्यामुळे चांगदेवांनी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं अनिता पुस्तकं घेऊन परत आली.

“सगळी कोरी आहेत,” ती म्हणाली. “ते खुणा करायचे का हो खरंच?”

हा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तरही एका शब्दाचं होतं. चांगदेवांनी फलकाकडं पाहिलं.

“आपल्याकडं खुणा चालत न्हाईत, ताई,” ते म्हणाले.

“म्हणजे आईनं माझं मन राखायला सांगितलं.” अनितानं पदर सारखा केला. तिचा आवाज कडू नव्हता, आणि तेच चांगदेवांना सोसवेना. “बरोबर आहे. आप्पा कशाला... चल तेजू, दौंडची गाडी लागली असेल.”

त्या दोघी गेल्यावर चांगदेव खुर्चीत बसून राहिले. खोटं बोललो नाही, असं त्यांनी मनाशी घोकून पाहिलं. पण ते काही केल्या गळी उतरेना.

हौसराव खुणा करत. समासात बारीक उभी रेघ आणि तिच्याशेजारी ‘अ’. चांगदेवांना ते माहीत होतं, कारण ती प्रत्येक रेघ त्यांनीच पुसली होती. दुसरा कुणी असता तर फलकासमोर उभा करून झापला असता. पण हौसराव वयानं मोठे, कधीकाळी कार्यकारिणीवर राहिलेले. अशा माणसाला नियम कसा सांगायचा, या भिडेपायी चांगदेव एक शब्द बोलले नाहीत. हौसराव पुस्तक ठेवून जात आणि चांगदेव गुपचूप रबर काढत. आपण मोठ्या माणसाची अब्रू झाकतो, असंच त्यांना वाटे. एकदा विचारलं असतं, ‘आप्पा, हा अ कशाचा?’ तर म्हाताऱ्यानं सांगितलंही असतं.

आणि मग त्यांना मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीची गोष्ट आठवली. आठवू नये असं वाटत असतानाच आठवली.

हौसरावांनी गणपतीपासून एक पुस्तक धरून ठेवलं होतं, लहान मुलं कशी वाढवावीत याचं. चांगदेवांनी थट्टाही केली होती, “आता या वयात पाळणा हलवायचाय का काय?” हौसराव हसले नव्हते. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ते आणून दिलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, “अनी येईल. तिला हे पुस्तक द्या. माझं नाव न्हाई घ्यायचं.”

चांगदेवांनी तसंच केलं होतं. फक्त द्यायच्या आधी, रीतीप्रमाणं, पुसून लख्ख केलं होतं.

दिवाळी सरल्यावर हौसराव आले ते नेहमीसारखे थेट परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलाकडं गेले. ते पुस्तक त्यांनी हुडकलं, मधलं एक पान काढलं आणि बघत उभे राहिले. चांगदेवांना वाटलं, कौतुक करायची हीच वेळ आहे.

“तुमच्या पोरीचा हात लागलेलं पुस्तक कसं हाय बघा,” ते म्हणाले होते. “एक खूण सापडायची न्हाई.”

हौसराव ‘व्हय’ एवढंच म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी जागेवर ठेवलं. त्यानंतर त्यांच्या पुस्तकांत पेन्सिलीची रेघ कधी दिसली नाही. म्हाताऱ्याला नियम आपोआप उमगला, म्हणून चांगदेव तेव्हा खूश झाले होते.

आता ते उठले. टेबलावर अनितानं ठेवलेल्या ढिगात ते पुस्तक होतंच. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. चांगदेवांनी पुस्तक डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरलं आणि एकेक पान उन्हात तिरकं करून पाहू लागले. हौसरावांचा जन्म मार्केट यार्डात कार्बन घालून पावत्या लिहिण्यात गेला होता. खालच्या प्रतीवर उमटलं पाहिजे म्हणून पेन्सिल दाबून धरायची त्यांची सवय होती. शिसं पुसलं गेलं होतं, पण कागदाला बसलेला वळ पुसला गेला नव्हता.

तो पुस्तकाच्या मध्यावर सापडला. एक उभी खाच आणि तिच्या अंगाला ‘अ’.

चांगदेवांनी ड्रॉवर उघडला. पुसायचं सामान सगळं होतं, पेन्सिल शोधायला मात्र वेळ लागला. तिचं टोक त्यांनी खाचेत ठेवलं. वाचनालयाच्या पुस्तकावर त्यांनी उभ्या हयातीत रेघ ओढली नव्हती. वळावरून शिसं फिरत गेलं आणि हौसरावांचं अक्षर पुन्हा वर आलं, थोडंसं वाकडं आणि हट्टी.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली नव्हती. वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांना त्यांनी बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि ते स्टँडच्या दिशेनं चालत सुटले. पुस्तकाची नोंदही त्यांनी केली नव्हती.

दौंडची गाडी अजून लागायची होती. अनिता बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी तेजश्रीची टकळी चालू होती. गाडी चौफुल्यावरून का जाते, कंडक्टरची शिट्टी कुठं मिळते, आजोबा आता पुस्तकं कुठनं आणणार. अनिता ‘हं, हं’ म्हणत होती.

चांगदेव धापा टाकत समोर आले आणि त्यांनी पुस्तक उघडूनच तिच्या हातात दिलं.

अनितानं खूण पाहिली. मग खुणेशेजारचा मजकूर वाचला. ‘काही मुले उशिरा बोलू लागतात. आईने धीर सोडू नये. मूल उत्तर देत नसले तरी त्याला सारे ऐकू येत असते, म्हणून त्याच्याशी रोज बोलत राहावे.’

तेजश्री तेव्हा तीन वर्षांची होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. त्या दिवाळीत आजोबा बाहेरच्या खोलीत बसून तिच्याकडं नुसते बघत राहत, तेव्हा अनिताला वाटलं होतं, त्यांना लाज वाटते.

“हे पुस्तक मी नेलं होतं,” ती हळू म्हणाली. “तेव्हा इथं काही नव्हतं.”

“व्हतं. मी पुसलं.” चांगदेव उभेच होते. “समद्याच पुस्तकातलं मी पुसलं, ताई. मगाशी तोंड उघडलं न्हाई.”

अनितानं पुस्तकातून मान वर केली.

“आन् अजून एक हाय. तू हे पुस्तक परत केल्यावर ते आले व्हते. उघडून बघितलं. त्यांना वाटलं असंल...” चांगदेवांनी त्या पानाकडं बोट केलं. “तूच पुसलं, असं वाटलं असंल त्यांना. आन् मीच वर सांगितलं, पोरीच्या पुस्तकात खूण सापडायची न्हाई म्हणून.”

दौंडची गाडी फलाटाला लागली. माणसं पिशव्या खिडकीतून आत टाकून जागा धरू लागली. अनिता हलली नाही. तिनं त्या ‘अ’वरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि मग डोळे न पुसताच हात पुढं केला.

“पेन्सिल आहे का, मामा?”

चांगदेवांनी खिशातून काढून दिली. अनितानं पुस्तक पिशवीवर टेकवलं आणि आप्पांच्या रेघेखाली, समासात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं : ‘आप्पा, तेजू बोलायला लागली. दिवसभर बोलते.’

“आई,” तेजश्री वाकून बघत म्हणाली, “पुस्तकावर लिहायचं नसतं ना?”

“नसतं,” अनिता म्हणाली आणि खाली ‘अनी’ लिहिलं. मग पुस्तक मिटून तिनं चांगदेवांकडं दिलं. “परत केलं, असं समजा.”

गाडी गेल्यावर चांगदेव वाचनालयात आले. कुलूप काढलं, दिवा लावला. पुस्तक हातात घेऊन ते थोडा वेळ कपाटापुढं उभे राहिले, आणि मग कपाटात न ठेवता त्यांनी ते परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर, सगळ्यांत वर ठेवलं. हौसराव आले की आधी तिथंच जायचे.