मामाचा खांदा

पोरांनो, असं समजा की तुम्ही तंजावूरला एका लग्नाला आला आहात. नादस्वरमवाले गाल फुगवून वाजवताहेत आणि तुम्हाला अगदी पुढे जागा मिळाली आहे. आता इथली एक रीत ऐका. हार घालायच्या वेळी नवरीचा मामा तिला खांद्यावर उचलतो, नवऱ्याचा मामा नवऱ्याला. मग दोघे मामा पुढे धावतात, मागे सरकतात, एकमेकांना हुलकावण्या देतात. दिसली नवरी? ती विनुता. आणि कडेला चाकांच्या खुर्चीत बसलेला तो तिचा सख्खा मामा, रघुराम.

सहा वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात त्याच्या पायांतली शक्ती गेली. हातांतली मात्र दुप्पट झाली. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत तो खुर्ची अशी गर्रकन वळवी की कुत्री वाट सोडत. विनुता चार वर्षांची होती तेव्हा त्यानं तिला शब्द दिला होता, "लग्नात तुला मीच उचलणार." आज त्याला एवढंच हवं होतं.

पण विनुताचे थोरले काका हनुमंतराव यांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "रघू, तू बसून आशीर्वाद दे. हे पुरुषाच्या खांद्याचं काम. आपले मराठे पूर्वज महाराष्ट्रातून घोड्यावरून इथे आले, ठाऊक आहे ना?"

"म्हणजे बसूनच आले?" विनुताच्या धाकट्या बहिणीनं, नऊ वर्षांच्या हरितानं विचारलं.

हनुमंतरावांना एकाएकी कॉफीची आठवण झाली.

मामाच्या जागी नेमणूक झाली रघुरामच्या चुलतभावाची, सुरेंद्रची. हा रोज जिमला जाई. महिनाभर तो तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन गच्चीत फेऱ्या मारत होता. त्यानं वेष्टीवर, म्हणजे इथल्या धोतरावर, वजन उचलायचा पट्टा आवळला, मिशीवरून हात फिरवला आणि विनुताला उचलायला वाकला. पण तांदळाचं पोतं हसत नाही. विनुता खुदकन हसली, एका अंगाला कलली, आणि सुरेंद्रच्या कमरेत कट्ट!

सुरेंद्र वाकला तो वाकलाच. समोरच्या म्हाताऱ्या गुरुजींना वाटलं, नमस्कार करतोय.

"दीर्घायुष्मान भव," गुरुजी म्हणाले.

"आई गं," सुरेंद्र म्हणाला.

पलीकडे नवऱ्याचा मामा नवऱ्याला पेलत घामानं निथळत होता. "अहो, लवकर! माझा खांदा निघाला!"

हनुमंतरावांनी बाकीच्या पुरुषांकडे पाहिलं. एकाला आपला मणका आठवला, दुसऱ्याला गाडी नीट लावायची होती.

"तुम्हीच उचला की," कुणीतरी म्हणालं.

"मी? मी व्यवस्था बघतोय!"

रघुरामनं खुर्ची वीतभर पुढे घेतली आणि पुन्हा ब्रेक लावले. विचारलं आणि नाही म्हणाले तर? विनुतानं मात्र कुणालाच विचारलं नाही. साडी सावरत आली आणि सरळ त्याच्या मांडीवर बसली. "मामा, शब्द दिला होतास."

"हे चालणार नाही!" हनुमंतराव खुर्चीसमोर आडवे उभे राहिले. "मामा ताठ उभा पाहिजे. नवऱ्याकडचे काय म्हणतील?"

"नवऱ्याकडचे म्हणताहेत, लवकर!" नवऱ्याचा मामा ओरडला.

रघुरामनं चाकांना जोर दिला. चाकं हलेनात. ब्रेक लागलेले होते, आणि विनुताच्या साडीच्या घोळातून त्याचा हात तिथवर पोहोचेना.

हरिता खाली वाकली, तिनं खुर्चीचे दोन्ही ब्रेक सोडले आणि म्हणाली, "काका, बाजूला व्हा. घोडा सुटला."