बॅटरीसाठी फेरी

ताडपत्री बांधायला कृष्णात आपल्या जीपच्या टपावर चढला आणि पाय घसरून थेट अंगणातल्या चिऱ्यांवर आला. चंदगडच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि नागपंचमी झाल्यावर दाखवायला या, असं सांगितलं.

चंदगड आणि आसपासच्या वाड्यांमधून कृष्णात वडाप चालवायचा, माणशी भाडं घेऊन. आत माणसं दाटीवाटीनं, टपावर काजूची पोती आणि मागच्या पायरीवर दोघं-तिघं लोंबकळलेली. आता ऐन पावसाळ्यात गाडी शेडमध्ये आणि मालक सोप्यातल्या कॉटवर. दुखणाऱ्या पायापेक्षा त्याला घोर होता बॅटरीचा. मागच्या वर्षी रस्ता खचून गाडी अशीच उभी राहिली होती, तेव्हा बॅटरी बसली ती बसलीच.

"आगं, तेवढी बॅटरी सोडीव. तार जोडलेली ऱ्हायली की हळूहळू उतरती ती."

त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, आजवर बॉनेटला हातसुद्धा लावला नव्हता. तिनं पदर खोचला, पाना घेतला आणि शेडमध्ये गेली. कृष्णात खिडकीतून ओरडत होता.

"आधी मायनस! काळी वायर!"

"आवं, सगळ्याच काळ्या हायत की!"

"मग वजाबाकीची खूण बघ, शाळंत गेलतीस न्हवं?"

कॉटशेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई, धोंडुबाई, तोंडाला पदर लावून हसल्या.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साठली होती. आक्काताईनं कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं ती घासून काढली आणि बॅटरी पुसून कोरड्या खोलीत, चुलीपासून लांब, फळीवर ठेवली. आतलं पाणी कमी दिसलं म्हणून ती कळशी घेऊन आली, तर कृष्णात कॉटवरून अर्धा उठलाच. "हिरीचं न्हवं! बाटलीतलं घाल, डिस्टिल!"

काही आठवड्यांनी तिनं गाडीतला एक बल्ब काढून बॅटरीला लावून बघितला. तो हळदीसारखा पिवळा, मंद पेटला. चार्जिंगला न्यायलाच हवी होती. पण एसटीच्या कंडक्टरनं बॅटरीचं गाठोडं बघितल्याबरोबर हात आडवा केला. "बाई, ॲसिड सांडलं तर लोकांची धोतरं जातील. उतरा खाली." शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं तिला कॅनांच्या मध्ये बसवून घेतलं. घमेल्यात ठेवलेली बॅटरी कलंडू नये म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला टेम्पोवाल्याला शिव्या घालत होती.

आकाराम मिस्त्रीचं दुकान चंदगडच्या बाजारात. कृष्णातचा जुना दोस्त. त्यानं बुचं सैल केली, चार्जर लावला आणि बॅटरीतला गॅस पेटू नये म्हणून एका गिऱ्हाईकाला बिडी विझवायला लावून बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी परत देताना म्हणाला, "वहिनी, आता भरली हाय. पण नुसती ठिवली की परत उतरणार. एक तर म्हैन्याला हिकडं आणा, न्हायतर गाडीला जोडून आठवड्याला एक चांगली फेरी मारा."

"जाग्यावरच चालू करून ठिवली तर?"

"त्यानं काय हुतंय? चालू करताना जेवढी खर्च हुती, तेवढीबी भरून निघायची न्हाय. गाडी पळवायला पायजे."

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं. कृष्णात प्लॅस्टरवर हात आपटून म्हणाला, "कोण पळवणार? मी?"

"मी पळवते की."

कृष्णात मोठ्यानं हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की दुसरं कुणीच हसत नाही.

"शिकीव तिला," धोंडुबाई म्हणाल्या. "पाय मोडलाय तुझा, तोंड चालतंय न्हवं?"

आकारामनं आरटीओच्या कॅम्पात तिला कच्चं लायसन काढून दिलं आणि बॉनेटवर लाल एल चिकटवला. शिकवायला तो स्वतः तिच्या शेजारी बसायचा, पण खरा मास्तर शाळेच्या मैदानाच्या कडेला खुर्चीत बसलेला असायचा. पाय स्टुलावर, डोक्यावर धोंडुबाईंनी धरलेली छत्री.

"क्लच सोड! हळू! हळू म्हंतोय!"

गाडी तीनदा गचके खाऊन बंद पडली. चौथ्यांदा सुटली ती थेट उकिरड्यात. पुढचं चाक शेणात रुतलं. पावसात डोक्यावर इरली घेऊन बघायला जमलेल्या बायका हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनीच पदर खोचून गाडी ढकलली आणि शेणानं माखलेल्या हातांनी आक्काताईला म्हणाल्या, "परत चालू कर, बघू."

तिनं चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. त्या दिवशी तिनं मैदानाला गोल फेऱ्या मारल्या, आणि थांबायचं कुणी सांगितलं तरी तिला ऐकू येत नव्हतं.

मग दर आठवड्याला फेरी ठरलेली. मैदानावरून पाणंदीत, पाणंदीतून डांबरी रस्त्याला. कृष्णातचं ओरडणं कमी होत गेलं. एकदा तर घरासमोरच्या वळणावर तिनं गिअर असा अलगद टाकला, की दारात बसलेला तो नुसताच आईकडे, धोंडुबाईंकडे, बघून मान हलवत राहिला.

प्लॅस्टर काढायचा दिवस उजाडला. आकारामला यायला जमणार नव्हतं, टेम्पो निघून गेला होता. कृष्णात कुबड्या घेऊन एसटीच्या थांब्याकडे बघत होता, तेवढ्यात शेडमधून गाडी दारात येऊन उभी राहिली.

"बसा," आक्काताई म्हणाली.

"पार चंदगडपतोर?"

"शेजारी पक्क्या लायसनचा माणूस हाय की. मग?"

रस्ताभर त्यानं एक हात हँडब्रेकवर ठेवला होता, पण ओढला एकदाही नाही. दवाखान्यात प्लॅस्टर कापलं. बारीक झालेला पांढराफटक पाय बघून दोघंही हसले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कसे जाणार?"

"माझी बायको ड्रायव्हर हाय," कृष्णात म्हणाला. हे सांगताना त्याची छाती इतकी फुगली होती, की डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर गावातल्या बायका बाजारच्या पिशव्या घेऊन पावसात थांबलेल्या दिसल्या. आक्काताईनं गाडी बाजूला घेतली. "जयभीम, आक्का! आम्हांस्नी घेतीस काय?" एकजणीनं विचारलं.

"गाववाल्यास्नी काय इचारायचं? बसा. आज फुकट."

बायका भराभरा मागं शिरल्या. कृष्णातला राहवेना. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, दारावर थाप मारली आणि खेप भरल्यासारखा खणखणीत ओरडला, "चलाऽऽ, जाऊ द्या!"

आक्काताईनं गाडी रस्त्याला लावली. मागं बायकांनी गाणं धरलं होतं.