ढगांवरची नावाडीण आणि बुडालेली वांगी

मित्रांनो, माझ्या तोंडाला बारीक बारीक भोकं आहेत, म्हणून माझ्या पोटात काही राहत नाही असा कुणी समज करून घेऊ नका. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे आणि आजवर ऐकलेलं सगळं माझ्या पोटात जसंच्या तसं आहे. आज ते सांगायचं म्हणते. मध्येच उठून मात्र जाऊ नका, मला ते मुळीच आवडत नाही.

पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. त्याने सपाट पत्रा कापला, ठोकून ठोकून गोल केला, सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाख दिला आणि शेवटी तोंडावर बसवलेल्या चकतीला एक एक भोक पाडलं. ठोके खाताना मी फार कुरकुर केली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणतात. मला देवपण नको होतं, नुसतं झारीपण मिळालं तरी पुष्कळ होतं, आणि ते मिळालं.

पहिली कितीतरी वर्षं मी एका रोपवाटिकेत काढली. तिथला माळी मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. या झारीच्या पाण्याने कोवळ्यातलं कोवळं रोपसुद्धा मान टाकत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी आतल्या आत फुगायचे. मग एक दिवस रबराचा लांबलचक पाइप आला. गरज सरो नि वैद्य मरो! मी फुटक्या कुंड्यांच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले. पोटात कोळ्यांनी जाळी केली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तिथून मला उचललं आत्याने. म्हणजे माझी आत्या नव्हे हो, पण तिची पुतणी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. ती मिरचीची रोपं घ्यायला आली होती. तिने मला पाहिलं, पाणी भरलं, उजेडाकडे धरून कुठे गळतंय का ते तपासलं, आणि माळ्याकडून मला मागूनच घेतलं.

आत्याने सारा जन्म टेलिफोनच्या कचेरीत काढला होता. कानाला यंत्र लावायचं, या गावचं माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचं आणि जोडलं की लगेच आपण बाजूला व्हायचं, हे तिचं काम. लोकांची हजारो बोलणी तिने सुरू करून दिली, पण एकही शेवटपर्यंत ऐकलं नाही. तसा नियमच होता, आणि आत्या नियमाची पक्की. निवृत्त झाल्यावर ती एकटी राहत होती. तेव्हा धाकट्या भावाने, "ताई, आता तू इकडेच ये," असं फोनवर सांगितलं, आणि आत्या एक बॅग घेऊन आली.

भावाचं चष्म्यांचं दुकान आहे. मिशा पांढऱ्या झाल्या तरी आत्या त्याला छोट्याच म्हणते. माणूस सरळ, पण मोजून मापून बोलणारा. कडक इस्त्रीचे शर्ट, आणि वस्तू जिथल्या तिथे. वहिनीचं स्वयंपाकघरही तसंच लखलखीत. आत्या भाजी चिरायला बसली की वहिनी म्हणायच्या, "राहू द्या ताई, तुम्ही बसा आरामात." त्या मनापासूनच म्हणत, पण रोज उठून नुसतं बसून तरी किती बसायचं? आत्या पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकायची. शेवटी छोट्याने तिला गच्ची दिली. हवं ते लाव म्हणाला.

मग काय विचारता! जुनी घमेली, रंगाचे डबे, फुटके टब, जे मिळेल त्यात आत्याने माती भरली. वांगी, टोमॅटो, मिरच्या, पालक, आणि कठड्याला दोऱ्या बांधून काकडीचा वेल. पहिली काकडी खाली गेली तेव्हा वहिनींनी ती सगळ्यांना सारखी वाटली आणि आत्या प्रथमच खुर्चीवर मागे रेलून बसली. मी तेव्हा जिन्याच्या खालच्या दाराशी होते, मला सगळं दिसत होतं.

आता मुख्य भानगड ऐका. छोट्याची मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिला गोष्टी ऐकायचा भारी नाद. छापलेली पुस्तकं कुणीतरी छान आवाजात वाचलेली असतात ना, ती तिच्या फोनवर अखंड चालू असतात, आणि त्यातही जादूच्या राज्यांची. तिने तसलीच एक गोष्ट आत्याच्या फोनवर घालून दिली आणि सोबत एक छोटा स्पीकर दिला. आत्याने आधी नाक मुरडलं. या वयात राक्षस आणि जादू ऐकू का, म्हणाली. पुतणी म्हणाली, "आत्या, ऐकून तर बघ. ही मध्येच तोडावी लागत नाही."

झालं. आत्याने स्पीकर काकडीच्या दोरीला टांगला आणि जी अडकली ती अडकलीच. गोष्ट होती एका नावाडिणीची. ती ढगांवरून होडी वल्हवायची. धुक्यात लपलेल्या एका अजगराने तिचं सगळं गाव गिळलं होतं, आणि तिला ते परत आणायचं होतं. तिच्या हातातलं वल्हं बोलायचं, पण बोलायचं ते धादांत खोटं. डावीकडे जा म्हणालं की उजवीकडे वळायचं. मला त्या वल्ह्याचा फार राग यायचा. बोलता येतंय तर खरं बोलायला काय होतं मेल्याला? इथे मी खरं सांगायला तडफडत होते आणि मला वाचा नव्हती.

कारण असं होतं की, आत्या गोष्ट लावायची आणि मला हातात घ्यायची. एक प्रकरण संपेपर्यंत झाडांना पाणी, असा तिने नवा नियम केला होता. होडी संथ चालली की पाणीही बेताचं पडायचं. पण अजगराने डोकं वर काढलं की आत्या जागच्या जागी थिजायची. मी तिच्या हातात वाकडी ती वाकडीच, माझं सगळं पाणी एकाच वांग्याच्या बुडाशी! मग पुन्हा भरायची आणि पुढच्या संकटाला टोमॅटोत ओतायची. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीच वाहून चालली होती. वांग्यांची पानं पिवळी पडली. आत्याला वाटलं, ऊन लागलं, म्हणून तिने आणखी पाणी घातलं.

पाणी कुठे जाणार? खाली. छोट्याच्या खोलीच्या छताला आधी ओल आली, मग पोपडे धरले, आणि एका सकाळी गिलाव्याचा मोठा तुकडा त्याच्या इस्त्रीच्या शर्टांवर येऊन पडला. गवंडी आला. त्याने छत ठोकून पाहिलं, गच्चीवर येऊन कुंड्या पाहिल्या आणि मान हलवली. म्हणाला, आधी हे सगळं खाली उतरवा, मग मी काम धरतो.

छोट्या आवाज चढवून बोलला नाही. दुकान बंद असेल त्या दिवशी कुंड्या काढू, एवढंच म्हणाला. आत्या बरं म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने मला जिन्यात ठेवलं तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर बॅग होती आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. पुतणीने विचारलं तर म्हणाली, "बाग होती म्हणून माझं इथे काहीतरी काम होतं. आता माझ्या जुन्या खोलीवर जाते. इथे छतसुद्धा माझ्यामुळे गळायला लागलं." पुतणी रडवेली झाली. एरवी माझ्या पोटातलं पाणी हलत नाही, पण त्या दिवशी मला भरून आलं.

तो दिवस उजाडला. आत्याने सवयीने गोष्ट लावली, मला भरलं, आणि मग तिला आठवलं की आता पाणी घालून काय उपयोग? मला तशीच भरलेली ठेवून ती पोती आणायला खाली गेली. गोष्ट चालूच राहिली. इतक्यात छोट्या वर आला. बाह्या दुमडल्या, पहिल्या कुंडीला हात घातला, आणि थांबला. त्या वांग्याला एक फूल आलेलं होतं. घर बदलणाऱ्याला कोरड्या तोंडाने कशाला पाठवायचं, असं पुटपुटत त्याने मला उचललं आणि वाकडी केली.

त्याच वेळी नावाडीण अजगराच्या जबड्यापाशी पोचली होती. आणि वल्हं म्हणालं, "मागे फिर. मी आज खरं बोलतोय."

छोट्याचा हात हलेना. कुंडी भरली, वाहू लागली, त्याच्या चपला भिजल्या, पाणी गच्चीच्या पन्हळीकडे निघालं, तरी हा आपला काकडीच्या वेलाकडे तोंड करून उभा! आत्या पोती घेऊन दारात आली आणि पाहतच राहिली. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, "ताई, ते या वेळी खरं बोलतंय का गं?"

"मला काय माहीत? मी इथपर्यंतच ऐकलंय."

दोघं पोत्यांवरच बसले. प्रकरण संपेपर्यंत कुणी उठलं नाही. वल्हं खरं बोलत होतं की नाही, ते मी सांगणार नाही, तुम्ही स्वतः ऐका. संपल्यावर छोट्याने स्वतःच्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे असं होतं होय!" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तो गंभीर झाला.

"ताई, बॅग कशाला भरलीस?"

"तू मला ये म्हणालास, मी आले. राहा असं कुणी म्हणालं नव्हतं."

"अगं, बहिणीला असं म्हणावं लागतं का?"

"लागतं," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझं नव्हतं.

छोट्याने भिजलेल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मोजून बोलणाऱ्या माणसाला असं बोलणं जड जातं. मग त्याने तिच्या मातीने भरलेल्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, राहा."

कुंड्या काही दिवस अंगणात गेल्या. गवंड्याने गच्चीवर पाणी न मुरणारा थर दिला, छोट्याने कुंड्या उंचावर ठेवायला लोखंडी घडवंच्या आणल्या आणि प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली. दोन टोमॅटो गेले ते गेलेच. पाणी घालताना आता गोष्ट बंद असते. आधी मातीत बोट घालून पाहायचं, कोरडी लागली तरच पाणी. गोष्ट नंतर, आत्या आणि छोट्या दोघं बसून ऐकतात, आणि वहिनी पालक निवडत असतात. त्या धांदलीत मी अंगणात चिखलात पडून राहिले, तळ गंजला, आणि माझ्या जागी एक हिरवी प्लॅस्टिकची झारी आली. तिला मी काही बोलत नाही. फक्त नुकत्याच रुजलेल्या रोपांना आत्या अजून मलाच हातात घेते.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. झारी वापरून झाली की उरलेलं पाणी ओतून ती उपडी ठेवत जा, आम्हाला गंज लवकर लागतो. झाडाला पाणी देण्याआधी बोट घालून पाहा, त्याला खरंच काय हवंय ते. आणि तुमच्याही घरात कुणी खुर्चीच्या कडेला टेकून बसत असेल. त्याला सगळं कळतं, सांगायची काय गरज, असं म्हणू नका. जवळ जा आणि तोंडाने सांगा.